जुन्या पेशाचे सॉफ्टवेअरमधले भांडवल

एका पेशात कमावलेले कौशल्य दुसऱ्या पेशात कामी येते, तेव्हा त्याला हस्तांतरणीय कौशल्य म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये उशिरा येणाऱ्यांच्या बाबतीत हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. बायोडेटात ‘संवादकौशल्य’, ‘नेतृत्वगुण’, ‘टीमवर्क’ अशी नावे लिहिली की मागच्या दहा वर्षांचा हिशेब मिटला, असा समज असतो. हे गुण कोणत्याही नोकरीत लागतात आणि कोणीही ते आपल्यात असल्याचे सांगू शकतो, त्यामुळे त्यावरून कुणाचीच पारख होत नाही. खरोखर उपयोगी पडतात त्या गोष्टी याहून बारीक आणि नेमक्या असतात. दिवसाचा मेळ पैशापर्यंत बसवल्याशिवाय घरी न जाण्याची कॅशियरची सवय, बिघाड शोधताना सर्किटच्या मधोमध मीटर लावणाऱ्या इलेक्ट्रिशियनची पद्धत, पाळी बदलताना रुग्णाची स्थिती मोजक्या वाक्यांत सांगणाऱ्या परिचारिकेची शिस्त, यांतल्या प्रत्येकीची जोड सॉफ्टवेअरच्या कामात सापडते. ती जोड कोणी दाखवून दिली नाही, तर कौशल्य अंगी असूनही वापराविना पडून राहते.

कौशल्य आपोआप दुसऱ्या कामात उतरत नाही, हे मानसशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. लॅटिन किंवा भूमिती शिकल्याने बुद्धीला एकूणच धार येते, अशी पाश्चात्त्य शिक्षणात जुनी समजूत होती. १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांच्या प्रयोगांनी तिला धक्का दिला. आकृत्यांचे क्षेत्रफळ अंदाजाने ओळखण्याचा सराव केलेल्या लोकांना आकृतीचा आकार किंवा माप बदलताच त्या सरावाचा फारसा फायदा होईना. दोन कामांत जितके घटक खरोखर समान असतील, तितकेच कौशल्य एकातून दुसऱ्यात जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी आणखी उद्बोधक गोष्ट दाखवली. पोटातली गाठ किरणांनी नष्ट करायची आहे. किरण तीव्र असले तर निरोगी भागही जळतो, सौम्य असले तर गाठ जात नाही. उत्तर असे, की सौम्य किरण अनेक दिशांनी सोडून गाठीवर एकत्र आणायचे. हे कोडे सोडवण्याआधी काही जणांना एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती. तो सैन्याच्या लहान तुकड्या करून त्या वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर पाठवतो. युक्ती एकच, तरी गोष्ट वाचूनही बहुतेकांना ती कोड्याला लावायचे सुचले नाही. ‘आधीची गोष्ट इथे उपयोगी पडेल’ एवढे सांगितल्यावर मात्र बहुतेकांनी कोडे सोडवले. पेशा बदलणाऱ्या माणसाची अडचण पुष्कळदा हीच असते.

सॉफ्टवेअरचा पेशा मुळात उभा राहिला तोच इतर पेशांतून आलेल्या माणसांवर, कारण पहिल्या पिढीला शिकवायला संगणकशास्त्राचे विभागच नव्हते. अमेरिकेतल्या एनिॲक या यंत्रासाठी १९४५ मध्ये निवडलेल्या सहा स्त्रिया त्याआधी तोफगोळ्यांच्या मार्गांची गणिते हाताने करत होत्या. त्यांतल्या बेटी स्नायडर यांनी शिक्षण पत्रकारितेचे घेतले होते. ग्रेस हॉपर वासार कॉलेजात गणित शिकवता शिकवता महायुद्धात नौदलात गेल्या आणि तिथून हार्वर्डच्या मार्क-१ यंत्रापाशी पोचल्या.

सर्वांत बोधक उदाहरण लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीचे आहे. ही कंपनी चहा, केक आणि पाव विकणारी. शेकडो चहाघरे चालवताना लाखो लहान बिलांचा आणि ऑर्डरींचा हिशेब ठेवावा लागे, म्हणून तिच्या कचेरीत कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग होता. या कंपनीने केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक यंत्राच्या बांधणीला मदत केली आणि त्याच धर्तीवर ‘लिओ’ हा स्वतःचा संगणक उभारला. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओवर बेकरीच्या मालाचा हिशेब नियमितपणे होऊ लागला. व्यवसायाच्या रोजच्या कामासाठी चाललेला हा जगातला पहिला संगणक मानला जातो. त्यावर चालणाऱ्या कामांची आखणी करणारे डेव्हिड कॅमिनर १९३६ मध्ये लायन्समध्ये प्रशिक्षणार्थी व्यवस्थापक म्हणून आले होते. इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांचा विषय नव्हता. एका कचेरीतून कोणता कागद कुठे जातो, कुठे अडतो, कुठे दोनदा लिहिला जातो हे मात्र त्यांना पाठ होते. चहाघरांच्या रोजच्या ऑर्डरींची व्यवस्था या जाणकारीतून आली. प्रत्येक चहाघराची ठरलेली ऑर्डर यंत्राकडे कायम असे आणि तिथल्या व्यवस्थापक बाईंनी फोनवर फक्त त्या दिवसाचा फरक कळवायचा. संपूर्ण यादी रोज नव्याने न भरता बदल तेवढा नोंदवणे ही कल्पना कचेरीच्या अनुभवातली आहे, आणि आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागोजाग दिसते.

लायन्सने प्रोग्रॅमरही शक्यतो घरातच शोधले. कर्मचाऱ्यांसाठी छोटे अभ्यासवर्ग घेऊन त्यांतून माणसे निवडली. १९५२ मध्ये असे निवडले गेलेले फ्रँक लँड अर्थशास्त्राचे पदवीधर होते आणि लायन्समध्ये कारकुनी करत होते. लिओवर काम करणाऱ्या पहिल्या महिला प्रोग्रॅमर मेरी कूम्ब्स यांची पदवी फ्रेंच भाषेची होती.

भारतातही सुरुवात अशीच झाली. फकीरचंद कोहली १९६९ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये आले ते टाटांच्या वीज कंपनीतून. विजेचा भार कुठे किती वळवायचा हे पाहणाऱ्या लोड डिस्पॅचच्या कामातून त्यांचा संगणकाशी संबंध आला. पुण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या केपीआयटीच्या नावातली पहिली दोन अक्षरे कीर्तने आणि पंडित या सनदी लेखापालांच्या फर्मची आहेत, आणि रवी पंडित व किशोर पाटील हे तिचे दोन्ही संस्थापक सनदी लेखापाल. रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हा पुन्हा व्हायरसमुळेच बिघडलेली आहेत, हे दुरुस्तीच्या टेबलावर दिसत होते. त्यांचे बंधू संजय संगणकाचे शिक्षण घेत होते. त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. ग्राहकाची नेमकी तक्रार एकाला माहीत होती, कोड दुसऱ्याला येत होता. त्या तक्रारीच्या माहितीशिवाय तो कोड लिहिला गेलाच नसता, हे इथे महत्त्वाचे.

हिशेबनीस आणि बँक कर्मचारी यांच्याकडे सॉफ्टवेअरला थेट लागणारा साठा सर्वांत मोठा असतो, असे म्हणायला हरकत नाही. दुहेरी नोंदीच्या पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली यांच्या १४९४ सालच्या ग्रंथात आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी नोंदवला, की दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर चूक कुठे तरी आहे हे आपोआप कळते. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज आणि तेरजेचा मेळ, ही साखळी ज्याने वर्षानुवर्षे ओढली, त्याला डेटाची शुद्धता म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. एका प्रणालीतून दुसरीत दहा हजार नोंदी नेल्या, की नवखा प्रोग्रॅमर ‘एरर आली नाही’ म्हणून समाधान मानतो. हिशेबनीस आधी दोन्हीकडची बेरीज घेतो.

पैशाच्या रकमा हा तर खास त्याचा प्रांत. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ सारखी साधी संख्या त्या पद्धतीत पूर्ण अचूक मांडता येत नाही. त्यामुळे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ०.१ अधिक ०.२ यांचे उत्तर ०.३ न येता त्यापुढे पंधरा शून्ये आणि शेवटी ४ असे येते. नवशिक्याला हा फरक क्षुल्लक वाटतो. शंभर रुपये तीन हप्त्यांत विभागल्यावर ३३.३३ चे तीन हप्ते ९९.९९ होतात आणि एक पैसा उरतो, तो कोणत्या हप्त्यात घालायचा हा प्रश्न ज्याच्या हातून रोज गेला आहे, त्याला मात्र हा फरक क्षुल्लक वाटत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायची आणि पूर्णांकन कोणत्या टप्प्यावर करायचे ते लेखी ठरवून घ्यायचे, हा उपाय त्याला चटकन पटतो. जीएसटीच्या बिलात प्रत्येक ओळीवर पूर्णांकन केले आणि एकूण रकमेवर केले, तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात, हेही तो कोड लिहिण्याआधीच सांगतो.

चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्यासमोर उलटी नोंद टाकायची, हा वहीखात्याचा दुसरा नियम. सॉफ्टवेअरमध्येही ज्या माहितीचा माग राहायला हवा, ती पुसून बदलण्याऐवजी नवी नोंद जोडत जातात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तो बंद करता येता कामा नये, अशी अट आहे. लेखापरीक्षण पाहिलेल्या माणसाला ही अट घालण्यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

बँकांमधल्या मेकर-चेकर पद्धतीची जोड आणखी जवळची आहे. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर केल्याशिवाय ती पक्की व्हायची नाही. सॉफ्टवेअरमधला कोड रिव्ह्यू याच तत्त्वावर चालतो. बँकेतून आलेल्या माणसाला आपले काम दुसऱ्याने तपासणे अपमानाचे वाटत नाही. तिथे तो नियमच होता. इंजिनिअरिंग संपवून थेट आलेल्या अनेकांना ही गोष्ट पचायला वेळ लागतो. तसेच एकच चेक दोनदा वटू नये म्हणून क्लार्क त्याचा क्रमांक पाहतो, त्याच कारणासाठी प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला एक स्वतंत्र ओळखक्रमांक दिलेला असतो. नेटवर्क गेले म्हणून ग्राहकाने ‘पैसे पाठवा’ दोनदा दाबले, तरी रक्कम एकदाच जावी ही त्यामागची दक्षता. टॅलीचा उगमही याच जगातला. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून १९८६ च्या सुमारास गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिले.

कारखान्यातून येणाऱ्यांचे भांडवल वेगळ्या प्रकारचे असते. चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यात पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा प्रोग्रॅमेबल नियंत्रक, सांभाळणारा तंत्रज्ञ स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवून घेत नाही, पण तो वर्षानुवर्षे प्रोग्रॅमिंगच करत असतो. १९६८ मध्ये जनरल मोटर्सला रिलेंच्या कपाटांऐवजी सहज बदलता येईल असे नियंत्रक हवे होते. त्यातून १९६९ मध्ये मोडिकॉन ०८४ हे यंत्र आले. त्याची ‘लॅडर’ ही भाषा रिलेच्या वायरिंगच्या आकृतीसारखीच ठेवली, कारण ती कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यायला हवी होती. जुने कौशल्य नव्या यंत्रात सामावून घेण्यासाठी भाषाच त्या बेताने घडवल्याचे हे उदाहरण आहे. अशा तंत्रज्ञाला ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तर्कक्रिया, टायमर, काउंटर आणि दोन सिग्नल एकाच वेळी आल्यावर होणारा घोळ हे सगळे परिचयाचे असते.

बिघाड शोधण्याची रीत त्याहून मोलाची. लांब सर्किट बंद पडले, तर कुशल माणूस एका टोकापासून सुरुवात करत नाही. तो मध्यावर सिग्नल पाहतो; तिथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. सॉफ्टवेअरमध्ये काल चालणारी गोष्ट आज बंद पडली आणि मधे हजार बदल झाले असतील, तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली ‘बायसेक्ट’ ही आज्ञा हेच करते, आणि दहाच्या आसपास चाचण्यांत दोषी बदल सापडतो. गुणवत्ता तपासणीतल्या माणसाला गो आणि नो-गो गेज माहीत असतो, मापाच्या दोन सीमांवर भाग तपासायचा. टेस्टिंगमध्ये सीमेवरची मूल्ये तपासतात ती याच विचाराने. अठरा वर्षांची अट असेल, तर पन्नास वर्षांचा माणूस घालून चाचणी करण्यात अर्थ नाही; आज अठरावा वाढदिवस असलेला, उद्या असलेला आणि २९ फेब्रुवारीला जन्मलेला, हे तिघे घालून पाहावे लागतात.

रुग्णालयातला अनुभव अनेकदा ‘माणसे सांभाळण्याचा’ म्हणून बाजूला ठेवला जातो. हे त्या पेशावर अन्याय करणारे आहे. परिचारिका पाळी सोपवताना परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आता काय करावे, या क्रमाने बोलते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एसबार म्हणतात. ही रीत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आली, म्हणजे तिने स्वतःच एकदा पेशा बदलला आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावर ड्युटीवरच्या इंजिनिअरला दुसऱ्याकडे परिस्थिती सोपवताना नेमके हेच करावे लागते, आणि त्याचे प्रशिक्षण फार थोड्यांना मिळालेले असते. चेकलिस्टची कथाही तशीच. १९३५ मध्ये बोइंगचे नवे विमान चाचणीत कोसळल्यानंतर वैमानिकांसाठी त्या आल्या आणि २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी चेकलिस्ट जाहीर केली. 

आरोग्याच्या सॉफ्टवेअरमध्ये विषयाची जाण तर जागोजाग लागते. नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, असे प्रोग्रॅमर सहज लिहून टाकतो. प्रसूतिकक्षात काम केलेल्या व्यक्तीला माहीत असते, की बाळाला अजून नाव नसते. ते आईच्या नावाने नोंदले जाते आणि जुळे असेल तर दोन नोंदी हुबेहूब सारख्या दिसतात. अपघातात आणलेल्या बेशुद्ध माणसाचे नाव, वय, पत्ता काहीच ठाऊक नसते. वयोवृद्ध रुग्णाची जन्मतारीख अनेकदा १ जून किंवा १ जानेवारी अशी अंदाजाने घातलेली असते. ही माहिती नंतर शोधून मिळत नाही असे नाही, पण तोवर एखादी औषधाची नोंद भलत्याच रुग्णाच्या नावावर जाऊ शकते.

मराठी छपाईच्या जगातले एक कौशल्य मात्र फारच दुर्लक्षित राहिले आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर किंवा सी-डॅकच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी डीटीपी केले, ज्यांनी मुद्रितशोधन केले, त्यांना देवनागरीची घडण हाताच्या सवयीने ठाऊक असते. ‘श्रीकृष्ण’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये त्याचे नऊ घटक होतात आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत ते सत्तावीस बाइट जागा घेते. नावासाठी वीस बाइटांची जागा ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरने हे नाव मधेच तोडलेले असते. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीचे ७० घटकच, त्यामुळे मराठी संदेशाचा खर्च वाढतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला ‘र’ कसा वेगळा लिहावा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अनुक्रमात कुठे यावेत, शोध घेताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कशा सांभाळाव्यात, या प्रश्नांची उत्तरे मुद्रितशोधकाकडे तयार असतात. सरकारी संकेतस्थळांपासून बँकांच्या ॲपपर्यंत तुटक्या जोडाक्षरांचे मराठी आजही दिसते. अशा माणसांना सॉफ्टवेअरच्या चमूत जागा मिळाली असती, तर त्यातले पुष्कळ टळले असते.

भाषेचा आणि कोडचा संबंध संशोधनातही तपासला गेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ३६ जणांना पायथन शिकवून पाहिले. शिकण्याच्या निष्पत्तीतल्या फरकाचा सुमारे १७ टक्के भाग भाषा शिकण्याच्या क्षमतेने उलगडला आणि अंकज्ञानाने केवळ २ टक्के; तर्कशक्ती आणि स्मरणाचा वाटा याहून मोठा होता. अभ्यास लहान आहे आणि त्याच वर्षी एमआयटीतल्या संशोधकांना कोड वाचताना मेंदूतली भाषेची क्षेत्रे फारशी वापरली जात नसल्याचे आढळले, तेव्हा यावरून मोठे दावे करू नयेत. पण गणित कच्चे म्हणून कोड जमणार नाही, ही भीती अनेक भाषाशिक्षकांना आणि कलाशाखेच्या पदवीधरांना उगाच मागे खेचते, एवढे नक्की म्हणता येते.

प्रत्येक पेशातल्या ज्ञानाचा मोठा भाग मात्र त्या माणसाला स्वतःलाच दिसत नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात या अव्यक्त ज्ञानाचा विचार मांडला. माणसाला सांगता येते त्यापेक्षा जास्त माहीत असते, असे त्यांचे म्हणणे होते. पतसंस्थेचा पिग्मी एजंट बाजारपेठेतून रोज पैसे गोळा करतो. विचारले तर तो सांगेल, ‘दुकानदाराकडून पैसे घ्यायचे, पावती द्यायची, संध्याकाळी भरणा करायचा.’ एवढ्यावर लिहिलेले ॲप पहिल्याच आठवड्यात अडेल. एक दुकानदार दोन दिवसांचे पैसे एकदम देतो. दुसरा म्हणतो, आज तू भर, उद्या देतो. तिसऱ्याच्या दुकानात रेंज नसते, म्हणून नोंद नंतर होते आणि तोवर तारीख बदललेली असते. चौथ्याने सकाळी पैसे दिले आणि दुपारी खाते बंद करायला तोच शाखेत आला. एजंट हे सगळे विचार न करता निभावतो. संगणक काहीच निभावून नेत नाही. त्याला प्रत्येक अपवाद आधी सांगावा लागतो. म्हणून जुन्या पेशातून येणाऱ्याने आपल्या एका साध्या दिवसाचे अपवाद कागदावर उतरवून काढणे, हा कोड शिकण्याइतकाच महत्त्वाचा अभ्यास आहे. वकिली किंवा मंत्रालयीन कामातून आलेल्यांना हे थोडे सोपे जाते, कारण नियमाखाली परंतुक लिहिण्याची त्यांना सवय असते.

कोड वाचण्याचा सराव मात्र कुठल्याही जुन्या पेशातून येत नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळातल्या निष्णात खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवला, तेव्हा खऱ्या डावातली मांडणी त्यांना नवशिक्यांपेक्षा कितीतरी चांगली आठवली. सोंगट्या कशाही विखुरल्यावर ते नवशिक्यांहून फारसे वरचढ ठरले नाहीत. प्रोग्रॅमरांच्या बाबतीतही असेच प्रयोग झाले आणि असेच निष्कर्ष निघाले. वीस वर्षांचा अनुभवी अधिकारीसुद्धा कोडच्या पानासमोर काही महिने नवखाच असतो. त्याला ओळखीच्या आकृती दिसत नाहीत, प्रत्येक ओळ सुटी वाचावी लागते आणि थकवा लवकर येतो. पुष्कळ जण इथे हार मानतात आणि आपल्यात कुवत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढतात.

काही जुन्या सवयी आडव्याही येतात. कारखान्यात हजार भागांतले ठरावीक नमुने तपासून लॉट पास करता येतो. सॉफ्टवेअरमधली चूक प्रत्येक प्रतीत तशीच्या तशी असते, तिथे सरासरीचा आधार नाही. बांधकामातून आलेल्याला सगळे आराखडे पक्के झाल्याशिवाय काम सुरू करणे बेजबाबदारपणाचे वाटते, आणि ओतलेले काँक्रीट बदलता येत नाही हे पाहता ते बरोबरही आहे. सॉफ्टवेअर वापरात आल्यावरही बदलत राहते, त्यामुळे थोडे करून वापरणाऱ्याला दाखवणे इथे अधिक सुरक्षित ठरते. सरकारी किंवा बँकेच्या नोकरीतून आलेल्यांना वयाने लहान असलेल्या सहकाऱ्याला ‘हे मला कळले नाही’ म्हणायला जड जाते, आणि वरिष्ठाच्या निर्णयातली चूक बैठकीत दाखवणे त्याहून जड. या पेशात दोन्ही गोष्टी रोज कराव्या लागतात.

पेशा बदलण्याच्या वाटा भारतात बऱ्याच आहेत, पण त्या सारख्या खर्चाच्या नाहीत. मोठ्या आयटी कंपन्यांनी यांत्रिकी, स्थापत्य, विद्युत अशा सर्व शाखांचे अभियंते घेऊन त्यांना स्वतः शिकवले. ही दारे मुख्यतः नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी उघडी असतात. सी-डॅकचा सुमारे सहा महिन्यांचा प्रगत संगणनाचा पदविका अभ्यासक्रम संगणकशाखेबाहेरच्या अनेक अभियंत्यांना या क्षेत्रात घेऊन आला. पस्तिशीतल्या, घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला मात्र नोकरी सोडून फ्रेशरच्या पगारावर सुरुवात करणे परवडतेच असे नाही, आणि झटपट पॅकेजची आश्वासने देणारे क्लास ही गोष्ट सांगत नाहीत. त्याच्यासाठी लायन्सने सत्तर वर्षांपूर्वी वापरलेली वाट अजूनही सर्वांत शहाणपणाची आहे: आहे त्याच संस्थेत, आहे त्याच विषयात, संगणकाकडे सरकत जाणे. एक्सेलची सूत्रे लिहिणे हेही प्रोग्रॅमिंगच आहे. त्यातून मॅक्रो, मग डेटाबेसच्या क्वेरी, मग पायथन, अशी वाट हिशेब विभागातल्या अनेकांनी कोणताही गाजावाजा न करता चालली आहे. रुग्णालय, बँक, कारखाना यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत टेस्टर, सपोर्ट किंवा बिझनेस ॲनालिस्ट म्हणून शिरणे ही दुसरी वाट, कारण तिथे जुन्या विषयाची किंमत पहिल्या दिवसापासून मिळते.

मुलाखतीत या भांडवलाची नावे नेमकी घ्यावी लागतात. ‘मला बँकेचा बारा वर्षांचा अनुभव आहे’ या वाक्याने समोरच्याला काही कळत नाही. ‘डे-एंडला न जुळणारे व्यवहार शोधण्याचे काम माझ्याकडे होते, त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो दोन याद्या ताडून फरक दाखवतो, आणि एकच नोंद दोनदा आली तर वेगळी काढतो’ या वाक्याने पुष्कळ कळते. दाखवायला केलेले कामही जुन्या विषयातलेच असावे. शिकवणीतून घेतलेले हवामानाचे ॲप हजारो उमेदवारांकडे असते. सोसायटीच्या देखभाल शुल्कावर थकबाकीचे व्याज लावणारे, मधेच सदनिका विकली गेली तर दोन मालकांत रक्कम विभागणारे छोटे सॉफ्टवेअर क्वचितच कुणाकडे असते.

२०२१ नंतर कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आणि हा प्रश्न आणखी तातडीचा झाला. नवशिक्याच्या वाट्याला येणारी छोटी, साचेबद्ध कामे ही साधने काही सेकंदांत उरकतात, त्यामुळे नुसत्या वाक्यरचनेच्या ज्ञानावर प्रवेश मिळणे अवघड होत आहे. ही साधने देतात तो कोड चालतो, पण तो त्या व्यवसायाच्या दृष्टीने बरोबर आहे की नाही, हे त्याच्या रूपावरून समजत नाही. व्याजाची आकारणी करणाऱ्या कोडने लीप वर्षात दिवस किती धरले, मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीवर कोणता दर लावला, परत आलेल्या मालाचा जीएसटी कोणत्या महिन्यात वळता केला, हे विचारायला ते काम आधी हाताने केलेला माणूस लागतो. मात्र त्यालाही समोरचा कोड ओळीओळीने वाचता आला पाहिजे, कारण प्रश्न सुचला तरी त्याचे उत्तर त्या ओळींतच शोधावे लागते.